ठिपके आणि थप्पी

मार्केट यार्डात दिवाळी पंचांगाच्या आधी येते. वसुबारसेला अजून पंधरा दिवस असतात, तोच भुसार बाजारात पोहे, रवा आणि हरभराडाळीच्या गाड्या लागू लागतात. फूलबाजारातून झेंडूचा वास रस्त्यावर येतो. आणि कडेला रांगोळीवाल्यांचे पांढरे-रंगीत ढीग उभे राहतात. गेली वीस वर्षे मी या बाजाराच्या शेजारी, गुलटेकडीच्या अंगाला राहतो. व्यवसाय चित्रकला शिक्षकाचा, व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे आणि शिक्षण मॅट्रिकपुरते. आजची मुले त्याला दहावी म्हणतात. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली म्हणून हाती खडू आला. गणिताशी असलेला माझा संबंध मॅट्रिकच्या पेपराबरोबरच संपला, अशी माझी समजूत होती. ती यंदा खोटी ठरली. कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या शाळेतून पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले. भुसार बाजारात ते हमाली करतात. पाणी प्यायले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगं गेम करायचं म्हणतंय. खेळायचं न्हाई, करायचं. कॉलेज सुटल्यावर रात्रभर त्या लॅपटॉपाम्होरं बसतंय. एका क्लासवाल्यानं दोन लाख सांगितल्यात. दिवाळीनंतर बॅच हाय. उचल घेऊ का? तुम्ही सांगाल तसं."

"तुम्ही सांगाल तसं" हे शब्द शिक्षकाला सुखावतात. मला मात्र त्या दिवशी ते टोचले. चार वर्षांपूर्वी असाच एक हुशार हाताचा विद्यार्थी होता. त्याच्या आईवडिलांना मीच एका खाजगी संस्थेचे नाव सुचवले होते. त्यांनी सव्वा लाख भरले. वर्षभरात मुलगा एवढेच शिकला की कोणते बटण दाबले म्हणजे डोंगर येतो आणि कोणते दाबले म्हणजे त्यावर झाडे येतात. पुढे ती बटणेच बदलली, आणि त्याचे शिक्षण शिळ्या भाकरीसारखे वाळून गेले. आज तो फळबाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. लिहितो उत्तम. पण रस्त्यात भेटला की आमच्यातला एक जण नजर चुकवतो, आणि तो एक जण मी असतो.

म्हणून या वेळी मी म्हटले, "मला दसऱ्यापर्यंत मुदत द्या. हे शिकणे म्हणजे काय, ते मी आधी स्वतः पाहतो." दर रविवारी सकाळी मुलाने माझ्याकडे यायचे आणि तो जे शिकतो आहे ते मला शिकवायचे, असे ठरले. गुरुशिष्यांची ही अदलाबदल पाहून आमच्या घरात बरीच करमणूक झाली.

पहिल्या रविवारी त्याने पडद्यावर फक्त एक ठिपका काढला. मला वाटले, यंत्र बिघडले. तो म्हणाला, "सर, सगळं एवढंच आहे. ठिपका कुठे ठेवायचा आणि त्याला रंग कोणता द्यायचा." त्याच्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके होते, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळातली हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून हे सारे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढायचे. त्याचा गुणाकार केला तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके झाले. हे काम करून घेण्याच्या विद्येला 'ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग' म्हणतात, आणि व्हिडिओ गेमचा सारा डोलारा तिच्यावर उभा असतो.

मला आईची आठवण झाली. दिवाळीच्या पहाटे ती गेरूने सारवलेल्या ओट्यावर एकवीस ठिपक्यांची रांगोळी घालीत असे. शेजारच्या घरी छापाची रांगोळी होती: भोकांचा डबा ठेवला, रांगोळी पसरली, डबा उचलला, की कमळ तयार. आईचे कमळ कधी किंचित वाकडे येई. पण दर दिवाळीला ते नवे असे, आणि ओटा लहान असला की ठिपके कमी करून ती तेच कमळ त्या जागेत बसवी. शेजारचे कमळ तेवढेच राहिले. ज्या मुलाला मी त्या संस्थेत पाठवले, त्याला छाप मिळाला होता. ठिपके कोणी शिकवलेच नव्हते, हे मला त्या रविवारी प्रथम उमगले.

ठिपके जोडायला लागले की पहिली अडचण तिरप्या रेघेची. आडवी रेघ सोपी, उभी सोपी. पण तिरपी रेघ ठिपक्यांच्या मधून जाते. मग उजवीकडचा ठिपका रंगवायचा की त्याच्या वरचा? १९६२ साली आयबीएम कंपनीतल्या जॅक ब्रेसनहॅम याने याचा जो तोडगा काढला, तो आपल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला पटेल. सुटे पैसे नसले की दुकानदार बाकी पुढे ओढतो, आणि बाकी अर्ध्या रुपयाच्या वर गेली की पुरा रुपया धरतो. ब्रेसनहॅमची रेघ तशीच चालते: दर पावलाला चुकीची बाकी पुढे ओढायची, ती अर्ध्या ठिपक्याच्या वर गेली की एक घर वर चढायचे. यात भागाकार नाही, अपूर्णांक नाहीत. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. त्या काळची यंत्रे मंद होती, म्हणून गणित काटकसरीचे शोधावे लागले. ही काटकसर पुढे या विद्येचा स्वभावच होऊन बसली.

खेळाचा मान मात्र त्याच्याही आधीचा. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५८ साली विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी विद्युल्लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या गणकयंत्रावर 'स्पेसवॉर' हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ केला. हा रसेल मोठा आळशी. यान वळवायचे तर कोनाचे 'साइन' आणि 'कोसाइन' काढून देणारा कार्यक्रम हवा, तो आपल्याजवळ नाही, अशी सबब सांगून तो दिवस ढकलत होता. अखेर ॲलन कोटोक नावाचा मित्र थेट यंत्राच्या कारखान्यात गेला आणि त्या कार्यक्रमाची कागदी फीत आणून त्याने रसेलपुढे ठेवली. सबब संपली, खेळ सुरू झाला.

हा प्रसंग मुलाने सांगितला तेव्हा मी हसलो. पण 'साइन' शब्दापाशी अडखळलो. मॅट्रिकला मला ज्याने रडवले तो हाच. मग घरी चार पुस्तके चाळली. धनुष्याच्या दोरीला आपण ज्या म्हणतो, जीवा म्हणतो. वर्तुळाच्या कमानीला लावलेली दोरी तीही ज्याच. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास चोवीस ज्यांचे कोष्टक रचले. हा 'जीवा' शब्द अरबांकडे गेला तेव्हा 'जिबा' झाला; अरबी लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढे कोणी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची चुणी किंवा खळगा. त्याचे लॅटिन भाषांतर 'सायनस', आणि त्यावरून साइन. कोटोकने मोटारीतून आणलेल्या त्या कागदी फितीत आपल्याच धनुष्याची दोरी होती, एवढे मला कोणी शाळेत सांगितले असते, तर कदाचित मी त्या पेपराला इतका घाबरलो नसतो.

हे सारे सातासमुद्रापलीकडेच चालले होते, असे मात्र समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट १९५० च्या दशकाच्या मध्यापासून गणकयंत्र बांधीत होता. १९६० साली ते पूर्ण झाले. २७०० च्या आसपास निर्वात नळ्या, अठरा फूट लांबीचा पोलादी सांगाडा, आणि स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची. आजच्या मापाने ती दहा किलोबाइट भरेल. आपल्या खिशातल्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी या यंत्राचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याला उत्तरे दाखवण्यासाठी एक पडदाही जोडला होता, आणि त्यावर आलेख आणि अक्षरे उमटत. म्हणजे ज्या साली रसेलचे यान उडाले, त्याच साली आपल्या मुंबईतही काचेवर आकड्यांतून चित्र उमटत होते. या यंत्राशी आकडेमोडीच्या भाषेत, निव्वळ शून्य आणि एक यांतच बोलावे लागे. तयार छाप विकत घ्यायला बाजारच नव्हता. जे होते ते ठिपके.

पुढची मोठी उडी १९६३ ची. आयव्हन सदरलँड याने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' तयार केले. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढावी आणि "या दोन रेघा समांतर ठेव" अशी अट घालावी. यंत्र ती पाळी. पुढे सदरलँड यूटा विद्यापीठात गेला, आणि १९७० च्या दशकात ते विद्यापीठ या विद्येचे काशीक्षेत्र बनले. तेथला संशोधक मार्टिन न्यूएल एकदा घरी चहा पीत बसला होता. यंत्राला काढायला कोणती वस्तू द्यावी, याचा घोर लागलेला. पत्नीने सुचवले, हेच चहाचे भांडे द्या. १९७५ साली त्याने ती किटली आकड्यांत उतरवली, आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी तिच्यावर हात बसवत आले आहेत. आमच्याकडे चित्रकलेच्या परीक्षेत स्थिरचित्राला तांब्या-पेला ठेवतात, तसेच हे. मूळ भांडे आता कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात आहे.

किटलीला उजेड कसा द्यायचा, हाही प्रश्न होताच. त्याच विद्यापीठात मूळचा व्हिएतनामचा बुई तुओंग फाँग नावाचा तरुण होता. चकचकीत वस्तूवर उजेडाचा जो टपोरा ठिपका चमकतो, तो थोडक्या गणितात कसा काढावा हे त्याने दाखवले. १९७५ साली त्याचा निबंध छापला गेला आणि त्याच साली तो वारला. वय अवघे बत्तीस. आमचा विद्यार्थी पडद्यावरच्या गोळ्याला चमक देत होता तेव्हा त्याने हे नाव घेतले, आणि मी अर्धा मिनिट गप्प बसलो. फळबाजारात सफरचंदे पुसून मांडतात, तेव्हा प्रत्येकावर एक पांढरा ठिपका चमकतो. आता तो दिसला की मला त्या मुलाची आठवण येते.

यूटातल्याच आणखी एका विद्यार्थ्याचे काम समजायला मला गोदामात जावे लागले. प्रश्न असा: दोन वस्तू एकापुढे एक असतील तर मागची झाकायची कशी? आम्ही चित्रकार आधी आकाश रंगवतो, मग डोंगर, मग झाड, मग माणूस. जवळचे लांबच्यावर आपोआप चढते. यंत्रही तसे करू शकते. पण दोन वस्तू एकमेकींत गुंतल्या, की आधी कोणती आणि नंतर कोणती, याचा निवाडा होत नाही. मला हे उमजेना. मुलाने मला वडिलांच्या गोदामात नेले आणि पोत्यांच्या थप्पीसमोर उभे केले. "सर, समोरून किती पोती दिसतात?" मी मोजली, तीस. त्याचे वडील पाठ पुसत उभे होते, ते हसून म्हणाले, "थप्पी दोनशे दहाची हाय. तुम्हाला दिसतंय तेवढंच तुम्ही मोजलं."

यंत्राचे नेमके हेच दुखणे. एडविन कॅटमल याने १९७४ च्या प्रबंधात त्यावर जो उपाय मांडला, तो फार साधा आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याजवळ एक चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर लिहायचे, येथे रंगवलेली वस्तू किती लांब आहे. नवी वस्तू आली की चिठ्ठी पाहायची. ती जवळची असेल तर ठिपका रंगवायचा आणि चिठ्ठी बदलायची. लांबची असेल तर सोडून द्यायची. पोती कोणत्याही क्रमाने येवोत, शेवटी समोरची तीसच दिसतात. तेव्हा एवढ्या चिठ्ठ्या ठेवायला स्मृती फार महाग पडे. पुढे ती स्वस्त झाली, आणि आज बहुतेक प्रत्येक खेळ या चिठ्ठ्यांवर चालतो. हाच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला. आपल्या मुलांनी पाहिलेला १९९५ चा 'टॉय स्टोरी' त्याच घरचा.

या थप्पीने मला दुसरीही एक गोष्ट समजली. गोदामात गाडी लागली की एकटा पैलवान कामाचा नाही, टोळी लागते. प्रत्येकाला काम तेच, उचल आणि ठेव. पण पन्नास जण एकदम लागले की गाडी हा हा म्हणता रिकामी होते. संगणकाचे मुख्य यंत्र हा पैलवान आहे, आणि ग्राफिक्स कार्ड ही टोळी. दोन कोटी ठिपके असोत की बारा कोटी, प्रत्येकावर तेच थोडेसे गणित एकाच वेळी करणारे असंख्य छोटे कामकरी त्यात असतात. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपले 'जीफोर्स २५६' बाजारात आणले, तेव्हापासून अशा टोळीला 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. या टोळीला हुकूम कसा द्यायचा, तेच आमचा विद्यार्थी रात्री बसून शिकत होता. हमालाच्या मुलाला हे कळायला माझ्याइतका वेळ लागला नाही, यात नवल नाही.

आता पुण्याकडे वळू. खेळांच्या आधी पुण्याने याच विद्येतून एक काम केले आहे, आणि त्याचा उपयोग हा लेख छापताना होत असेल. १९८८ साली येथे 'सी-डॅक' ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच संस्थेत 'जिस्ट' नावाचे दुसरे काम चालू होते. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचा पहिलाच शब्द 'ग्राफिक्स'. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वाढवले.

तेव्हाच्या संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांसाठी ठिपक्यांची सारखी घरे आखलेली असत: एका घरात एक अक्षर, आणि पुढे चला. आपली देवनागरी त्या घरांत राहील कशी? तिला डोक्यावर रेघ हवी, वर मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षर आले की दोन घरांची भिंत पाडायची. पहिल्या वेलांटीचा तर स्वभावच उलटा: 'कि' म्हणताना क आधी उच्चारायचा आणि वेलांटी मात्र त्याच्या अलीकडे काढायची. जिस्टवाल्यांनी यावर उत्तर काढले: साठवताना उच्चाराचा क्रम ठेवायचा, दाखवताना आकाराचा. संगणकात बसवायचे एक कार्ड त्यांनी केले, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतून देवनागरी दिसू लागली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सांकेतिक मानके जाहीर केली, तीही याच विचाराची. परदेशातून मराठीचा तयार छाप येईल म्हणून ही मंडळी थांबून राहिली असती, तर तो केव्हा आला असता, देव जाणे. त्यांना ठिपका ठाऊक होता, म्हणून त्यांनी आपले अक्षर आपण काढले.

खेळांचा धंदा पुण्यात नंतर आला. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडून होणार अशी घोषणा झाली. २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. परक्याने दिलेले काम परका परत नेऊ शकतो. उचल घेणाऱ्या बापाला हेही सांगणे मला भाग होते.

पण त्याच २०२० साली पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूचा 'राजी' हा खेळ बाहेर पडला. २०१७ मध्ये त्यांनी जगभरातून लोकवर्गणी मागितली होती. ठरलेला आकडा गाठला नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. गोष्ट भाऊबिजेला सांगावी अशी आहे: राजी ही सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू शोधायला ती निघते, आणि दुर्गा तिच्या पाठीशी उभी राहते. मधल्या कथा छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. त्या पाहताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आणि त्यांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. दिवा मागे, बाहुली मधे, पडदा पुढे. आमचा जुना ग्राफिक्सचा धंदा तोच.

येथे माझ्या मनातले एक सोपे समीकरण मोडले. 'राजी' ठिपक्यापासून कोणी बांधलेली नाही; 'अन्रियल' नावाच्या तयार इंजिनावर ती उभी आहे, आणि ते इंजिन करणाऱ्या कंपनीचे अनुदानही तिला मिळाले. मग छाप वाईट आणि ठिपके चांगले, हे माझे तत्त्वज्ञान गेले कोठे? मी मुलालाच विचारले. तो म्हणाला, "सर, इंजिन मीही वापरणार आहे. दळण गिरणीतून आणलं म्हणून पोळी गिरणीवाल्याची होत नाही. पण पोळी फाटायला लागली तर पीठ भरड आहे की कणीक सैल झाली, हे कळायला पाहिजे. ते कळण्यासाठी मी हे शिकतोय." त्या दुसऱ्या मुलाला तयार वस्तू दिल्या, ही चूक नव्हती. तिच्या आत काय आहे, ते त्याला कोणी दाखवले नाही. आणि पैसे भरण्यापूर्वी तसे विचारायचे मलाही सुचले नाही.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी बापलेकांना घरी बोलावले. वडिलांना सांगितले, "दोन लाख भरू नका. त्या वर्गाला मी जाऊन आलो. त्रिकोण कसा काढायचा हे कोणी शिकवते का, असे विचारले, ते हसले. याला जे हवे ते ज्या-कोटिज्येचे गणित आहे, आणि ते कॉलेजात आहे. बाकीचे तो स्वतः शिकतो आहे. पदवी पुरी करू द्या. फार तर त्या पैशांतले थोडे खर्चून टोळीवाले कार्ड असलेला लॅपटॉप घ्या."

"मंग पोट भरंल?" त्यांनी विचारले.

"हमी मी देत नाही," मी म्हणालो. "मागे एकदा न विचारता दिली होती. पण हा जे शिकतो आहे ते खेळ नाही मिळाला तरी फुकट जाणार नाही. इमारतींचे नकाशे, डॉक्टरांच्या तपासणीची चित्रे, अक्षरे. सगळीकडे हेच लागते."

ते काही बोलले नाहीत. मुलाने लॅपटॉप उघडून आपला खेळ दाखवला. एक गोदाम, दाराशी गाडी, आणि वेळ संपायच्या आत पोती उतरवून थप्पी लावायची. पोती ओबडधोबड, रंग एकच. पण खालून वर नीट रचली जात होती, आणि मागची समोरच्यांच्या आड बरोबर लपत होती. वडील चष्मा लावून पुढे वाकले. बराच वेळ पाहिले.

"ही थप्पी पडंल," ते म्हणाले.

"का, आबा?"

"सांध्यावर सांधा आलाय. एक थर आडवा घे, वरचा उभा. आन् कडंची गोणी अशी आत कलती पायजे."

मुलाने आकडे बदलले. पुन्हा थप्पी लागली. वडिलांनी मान हलवली. नाही, अजून थोडी आत. पुन्हा आकडे बदलले. आमच्या घरातून दोनदा चहा आला आणि दोन्ही वेळा निवला. साडेनऊ वाजले तेव्हा बापलेक तिसऱ्या थरावर होते, आणि मी कोपऱ्यात बसून त्या दुसऱ्या मुलाचा फोन नंबर शोधत होतो. त्याचा हात अजून चांगला असेल, आणि रविवारच्या वर्गात आणखी एकाला जागा होती.